बुधवारचा ट्रेड

लीड्समधल्या त्या हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, तळघरात, चादरी ठेवायच्या खोलीला लागून रेडिओचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन मायक्रोफोन, एक मिक्सर, सीडींनी भरलेलं लोखंडी कपाट आणि भिंतींवर चिकटवलेला राखाडी फोम. इथून निघालेला आवाज हॉस्पिटलच्या बाहेर जात नसे. पेशंटच्या उशाशी टांगलेल्या हेडफोनपर्यंतच त्याची धाव. कुणाला ऐकायचं असेल तर ऐकेल, नाहीतर हेडफोन तसाच लटकत राहील.

सुचेता देवस्थळी दर बुधवारी दुपारी तिथे व्हॉलंटियर म्हणून जायची. रविवारी वॉर्डात फिरून गाण्यांच्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि बुधवारी तीन ते चार या वेळात पेशंटची नावं घेत गाणी लावायची. २००८ च्या जूनमध्ये चार ते साडेचारचा एक माणूस सोडून गेला, तेव्हा स्टेशन चालवणारा ग्रॅहम तिला म्हणाला, "त्या अर्ध्या तासात तुला काय हवं ते कर."

तिने बेसबॉल निवडला. ग्रॅहम हसला, पण नाही म्हणाला नाही.

सुचेताला बेसबॉलची गोडी लागली ती बॉस्टनजवळ वॉल्थममध्ये. नवरा, विनय, तिकडे सात वर्षं नोकरीला होता. तिथल्या दोन उन्हाळ्यांत सासूबाई राहायला आल्या. लीलावतीबाई नागपूरच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. इंग्रजी मालिका त्यांना आवडत नसत, पण एका दुपारी टीव्हीवर मॅच लागली आणि खाली धावत जाणारे आकडे बघून त्या सावरून बसल्या. आठवड्याभरात त्यांनी एका वहीवर रकाने आखले. मग रोज दुपारी सासू-सून मॅच बघायच्या. सुचेता नियम शोधून काढायची आणि लीलावतीबाई पेनने स्कोअर लिहायच्या. पेन्सिल घेतली की माणूस निष्काळजी होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक ज्याला सासू-सुनेचं जमणं म्हणतात, ते त्यांचं त्या वहीवर जमलं.

लीड्सला आल्यावर घराबाहेर या खेळाबद्दल बोलायला कुणी उरलं नाही. म्हणून तो अर्धा तास. सीझन मध्यावर आला होता. कोण फॉर्मात आहे, कोणता क्लब कुणाला देऊन कुणाला घेणार म्हणजे ट्रेड करणार, कोणता नियम बदलणार, हे सगळं ती एकटीच बोलायची. कुणी ऐकत असेल असं तिला वाटत नव्हतं.

दोन जुलैच्या बुधवारी, एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दमलाय असं ती सांगत असताना पहिल्यांदा फोनचा लाल दिवा लुकलुकला.

"हॅलो, तुमचा तो पिचर दमलेला नाही," पलीकडून सरळ मराठीत आवाज आला. म्हातारा, खर्जातला, प्रत्येक शब्द सुटा. "त्याचा खांदा खाली येतोय. टीव्हीवर नीट बघा. दमलेल्या माणसाची पावलं जड होतात, खांदा नाही."

सुचेता चकित झाली. "काका, आपण on air आहोत. इंग्लिशमध्ये बोलूया का?"

ते लगेच इंग्रजीत बोलू लागले, अगदी मुद्द्याचं आणि सुरेख. नाव सांगितलं ज्ञानेश्वर पेंडसे, शिकागोत वीस वर्षं काढलेली. दहा मिनिटं दोघं बोलत होते. मग तिने गाणं लावलं, मायक्रोफोनचा खटका बंद केला आणि मराठीत विचारलं, "काका, कुठल्या वॉर्डात आहात?"

"आठ. खिडकीजवळ." थोडं थांबून ते म्हणाले, "आमच्याकडेही ट्रेड चालू आहेत, बरं का. रोज कुणीतरी जातं, कुणीतरी येतं."

ती हसली. हॉस्पिटलमध्ये म्हातारी माणसं असं बोलतातच.

पुढच्या बुधवारी ते बरोबर चार वाजून पाच मिनिटांनी फोनवर आले. त्या आठवड्यात क्लीव्हलंडचा धिप्पाड डावखुरा पिचर मिलवॉकीने घेतला होता. त्याच्या बदल्यात चार पोरं दिली. ज्ञानेश्वरकाकांना तो सौदा पसंत होता. "उरलेल्या सीझनपुरता माणूस घेतलाय. पुढचं पुढे," ते म्हणाले. मग गाणं सुरू झालं आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"आमच्या खोलीतलं सांगू? तीन नंबरचा वेल्डर आहे, कॅसलफर्डचा. सगळ्यांनी त्याच्यावर फुली मारलीय. शुक्रवारी तो चालत घरी जाईल. आणि सहा नंबरचा तरुण मास्तर, नर्सना हसवतो तो. त्याला शनिवारी ट्रेड करतील."

"म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलला हलवणार?"

"ट्रेड म्हणजे ट्रेड," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

रविवारी सुचेता फर्माइशी गोळा करायला गेली. एरवी ती आठव्या वॉर्डात जात नसे, तो स्ट्रोकच्या पेशंटचा वॉर्ड होता. त्या दिवशी मुद्दाम गेली. बाहेर हिरवळीवर कुणीतरी गवत कापण्याचं मशीन फिरवत होतं. खिडक्या उघड्या होत्या आणि सहा खाटांच्या खोलीत ताज्या गवताचा वास भरून राहिला होता. तीन नंबरवर नवा माणूस होता. सहा नंबरची खाट रिकामी, गादीवर चादरही नव्हती.

"वेल्डर गृहस्थ इथे होते ना?" तिने नर्सला विचारलं.

"शुक्रवारी घरी गेला. चालत. आम्हालाच खरं वाटेना."

"आणि हे?"

नर्सने नुसती मान हलवली. "काल सकाळी. अचानक. चौतीस वर्षांचा होता."

सुचेता खिडकीकडे वळली. खिडकीजवळच्या खाटेच्या डोक्यावर पांढऱ्या पाटीवर लिहिलं होतं, पेंडसे, डी. खाटेवर एक हडकुळे गृहस्थ पाठीमागे उशा देऊन बसवलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर ठेवून दिलेला, नाकात नळी. शेजारी खुर्चीत अठ्ठावीस-तीसची एक मुलगी बसली होती. तिने सुचेताच्या गळ्यातला रेडिओचा बिल्ला पाहिला आणि ती उठली.

"तुम्ही रेडिओच्या आहात? मी ईशिता. बाबासाठी मी every Wednesday हेडफोन लावते. त्याला बेसबॉल खूप आवडते. मी अकरा वर्षाची होती तोपर्यंत आम्ही शिकागोला होतो."

"ते बरे आहेत का आता? फोनवर तर..." सुचेता बोलता बोलता थांबली.

"कुठला फोन?"

"नाही, म्हणजे बोलतात का ते?"

"Not a word," ईशिता म्हणाली. "सहा आठवडे झाला. कन्सल्टंट म्हणाला speech परत येईल असं वाटत नाही. चमचा पण धरता येत नाही. पण ऐकू येते. मला माहिती आहे, ऐकू येते."

सुचेता पुढे झाली. "नमस्कार काका. मी सुचेता."

त्यांचा डावा डोळा तिच्याकडे वळला. नितळ, सावध डोळा. तो तिच्यावर क्षणभर राहिला. मग हळूहळू सहा नंबरच्या उघड्या गादीकडे गेला, आणि पुन्हा तिच्याकडे आला. बाहेर मशीन बंद पडलं.

घरी गेल्यावर तिने विनयला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, "अगं, कुणीतरी दुसरा पेशंट मजा करत असेल. नाव पाटीवर वाचलं असेल."

"मराठीत? आणि मेलेल्या माणसाची मजा?"

"त्याला कसं माहीत असणार तो मरणार ते? Coincidence." विनय वाईट माणूस नव्हता. ज्या गोष्टीला कारण सापडत नाही तिला तो हा एकच शब्द वापरायचा.

लीलावतीबाई त्या वेळी सहा महिन्यांच्या व्हिसावर लीड्सला आलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना त्यांचा पायरीवरून पाय सरकला. ॲम्ब्युलन्स, इमर्जन्सी विभाग, एक्स-रे. खुब्याचं हाड मोडलं होतं. मंगळवारी ऑपरेशन झालं आणि बुधवारी दुपारी त्या त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात उशाला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढरा, पण आवाज शाबूत.

"तुझा कार्यक्रम आहे ना आज? तो हेडफोन दे इकडे. आणि माझी वही आण उद्या."

सुचेता खाली गेली. जाण्याआधी आठव्या वॉर्डात डोकावून ईशिताला तिने एक विनंती केली होती. "चार ते साडेचार बाबांच्या अगदी जवळ बस. काही वेगळं दिसलं तर मला सांग." कशासाठी, ते ईशिताने विचारलं नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी दिवा लुकलुकला. सुचेताने फोन घ्यायला नको होता. पण हात गेला.

"ऑल-स्टारची मॅच बघितलीस? पंधरा इनिंग," ज्ञानेश्वरकाका म्हणाले. "जो जिंकेल त्याच्या लीगला फायनलमध्ये घरचं मैदान. काय नियम केलाय. प्रदर्शनाच्या खेळावर खऱ्या खेळाचा निकाल टांगायचा."

ती बोलत राहिली, कारण कार्यक्रम चालू होता. होमरनचा निर्णय अंपायरने पुन्हा टीव्हीवर बघायचा, असा नियम याच सीझनमध्ये येणार अशी बातमी होती. तिने त्यांना विचारलं, काका, हे बरोबर आहे का. ते म्हणाले, "आऊट म्हणजे आऊट. पुन्हा बघून काय मिळणार? आपण नको तेच बघत बसतो." नंतर नेहमीसारखं गाणं लागलं, पण या वेळी ते काही न बोलताच गेले.

कार्यक्रम संपताच ती जिना चढून सासूबाईंकडे गेली. लीलावतीबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता.

"ऐकलंत, आई?"

"ऐकलं. तू बरी आहेस ना?"

"का?"

"तू प्रश्न विचारतेस. मग थांबतेस. मग 'बरोबर आहे, काका' म्हणतेस, हसतेस. पलीकडे कुणीच नाही. मी म्हटलं हेडफोन बिघडला असेल, म्हणून शेजारच्या बाईंचा घेऊन बघितला. त्यातही तू एकटीच."

सुचेता पलंगाच्या कडेवर बसली. तेवढ्यात दारात ईशिता आली. ती जिन्यावरून धावत आली असावी.

"ताई, बाबाची ओठ हलत होते," ती म्हणाली. "आवाज नाही आला, पण ओठ हलत होते. पूर्ण वेळ. आणि तो हसला. एकाच बाजूने, पण हसला. सिस्टर म्हणाली good sign आहे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमचा शो त्याला बरं करतोय."

सुचेताला तिच्याकडे बघवेना. लीलावतीबाई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. वर्गात उत्तर चुकलेलं कळतं पण चूक कुठली ते सापडत नाही, तेव्हा बघतात तसं. त्यांनी सुचेताचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

पुढच्या रविवारी लीलावतीबाईंना ताप भरला. सोमवारी न्यूमोनियाचं निदान झालं. मंगळवारपासून तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. विनयने ऑफिसातून सुट्टी घेतली आणि तो आईच्या पायाशी बसून राहिला. बुधवारी डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि वय, ऑपरेशन, फुप्फुसं असे शब्द हळू आवाजात सांगितले.

त्या दुपारी स्टुडिओत जाऊ नये असं सुचेताने ठरवलं होतं. पण पावणेचारला ती खाली होती. का गेली हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. वरच्या खोलीत तिला करण्यासारखं काही नव्हतं, आणि खाली कुणीतरी होतं ज्याला काहीतरी माहीत होतं, एवढंच खरं.

तिने एक लांबलचक गाणं लावलं आणि फोन वाजायच्या आत उचलला.

"तुझ्या सासूबाई बॅटिंगच्या ऑर्डरमध्ये खाली सरकल्यात," ज्ञानेश्वरकाका म्हणाले.

"काका, असं बोलू नका."

"मी नाही सरकवत. मला फक्त दिसतं. ऐक. ट्रेडची मुदत एकतीस तारखेला संपते. तुझा कार्यक्रम तीसला आहे. त्याच्या आत एकास एक होऊ शकतं."

"एकास एक म्हणजे?"

"एक जाईल, एक राहील. तू फक्त नाव घ्यायचंस, मायक्रोफोनवर. कुणाचंही."

"मी रोज नावं घेते. चिठ्ठ्या वाचते. कुणाला काही होत नाही."

"ती तू नुसती वाचतेस. हे तू घेणार आहेस. फरक आहे."

"हे नियम कोण करतं?"

"नियम बदलत राहतात," ते म्हणाले. "आधी नुसती वाट बघायची पद्धत होती. मग तू आलीस. तुझा आवाज सगळ्या खाटांपर्यंत जातो."

सुचेताच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, चादरींची गाडी कुणीतरी ढकलत नेत होतं. ती चाकं पार लांब गेली. मग सुचेता म्हणाली, "मी कुणाचंही नाव घेणार नाही. आईंसाठीही नाही. त्यांना हे कळलं तर त्या माझं तोंड बघणार नाहीत."

मग तोच आवाज आला, पण पहिल्यांदाच थकलेला.

"मग माझं घे. मला अजून किती दिवस बेंचवर बसवणार? नाकातून जेवण, पाठीला जखमा. आमची पोर रोज येऊन सांगते, बाबा, you're doing so well. तिला कोण सांगणार? मला तर बोलता येत नाही."

गाणं संपलं होतं. स्टुडिओत नुसती खरखर चालू होती. तिने घाईने दुसरी सीडी सरकवली, आणि वळून पाहिलं तोवर फोन बंद झाला होता.

आठवडाभर लीलावतीबाई तशाच होत्या, बऱ्या नाहीत, वाईटही नाहीत. मधूनच जाग आली की मास्कआडून आकडे पुटपुटायच्या. तीसच्या आदल्या दिवशी सुचेता ईशिताला घेऊन कॅन्टीनमध्ये बसली. तिने फोनवरच्या आवाजाचं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय. तिने एवढंच विचारलं, "ईशिता, बाबांना काय हवंय, असं कधी त्यांना विचारलंस का?"

"बरं व्हायला हवंय. अजून काय?"

"थकले असतील ते. कदाचित तू जा म्हणायची वाट बघत असतील."

ईशिताने कप खाली ठेवला. "तुम्हाला काय माहिती? तुम्ही त्याला एकदा भेटला आहात. Once." ती उठून गेली. चहा तसाच राहिला.

सुचेताने घरी येऊन ठरवलं की कार्यक्रमाला जायचं, गाणी लावायची, बेसबॉलचं एक अक्षर बोलायचं नाही आणि फोनला हात लावायचा नाही. ठरवल्याप्रमाणे ती गेली. बॉस्टनचा लेफ्ट फील्डर जाणार की राहणार, यावर अमेरिकेत त्या दिवशी रान उठलं होतं. तिने त्याचा उल्लेखही केला नाही. फर्माइशींच्या डब्यातून ती एकेक चिठ्ठी काढत होती आणि वाचत होती. चौथ्या वॉर्डातल्या मिसेस डॉसनसाठी हे गाणं. अकरामधल्या टेरीला बायकोकडून.

चार वाजून दहा मिनिटांनी काढलेली चिठ्ठी घडीवर घडी घातलेली होती. इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांसाठी. ज्ञानेश्वर पेंडसे, वॉर्ड आठ. गाणं कुठलंही लावा. त्यांना सांगा, ठीक आहे, आता गेलात तरी चालेल. इशू.'

फोनचा दिवा लुकलुकायला लागला होता.

मायक्रोफोन चालू होता. सगळ्या खाटांना तिचा श्वास ऐकू जात असणार. चिठ्ठी परत डब्यात टाकता आली असती. चुकून राहून गेली म्हणता आलं असतं. ईशिताने तिच्या बाजूने निरोप दिला होता, तो पोचवणं हे सुचेताचं कामच होतं. पण वर मास्क लावून कोण झोपलंय हेही तिला ठाऊक होतं, आणि वाचताना आपल्या मनात कोण असेल हेही. त्या क्षणी तिने स्वतःला फसवलं नाही. तिने नाव घेतलं. सावकाश, पूर्ण नाव. मग चिठ्ठीतलं वाक्य वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

तिने फोन उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. फक्त एक लांब श्वास सुटल्याचा आवाज आला, ओझं खाली ठेवल्यावर सुटतो तसा. दिवा विझला.

गाणं लावून ती वर गेली. विनय वॉर्डाच्या दारातच भेटला. "ताप उतरलाय," तो म्हणाला. "आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी. घामाने सगळी भिजलीय. चहा मागतेय." तो रडत होता आणि ते त्याला कळत नव्हतं.

थोड्या वेळाने लिफ्टचं दार उघडलं आणि ईशिता आली. तिने सुचेताला मिठी मारली. "गेला," ती म्हणाली. "तुमचं वाचून झालं आणि गेला. मी हात धरून होते. Thank you for reading it."

तिने ग्रॅहमला फोन करून काम सोडलं. घरात आजारपण आहे, असं कारण सांगितलं.

लीलावतीबाई ऑगस्टच्या मध्यावर घरी आल्या. चालायची फ्रेम घेऊन बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टर खूश होते. एक-दोन गोष्टी मात्र सुचेताच्या ध्यानात आल्या. आपण शिकवत होतो त्या शाळेचं नाव त्यांना आठवेना. विनयने सांगितल्यावर त्या "हो का?" म्हणाल्या, परक्या गावाचं ऐकावं तशा. आणि स्कोअरच्या वहीत त्या पेन्सिल वापरू लागल्या.

"भूल दिल्यावर होतं असं," विनय म्हणाला. "येईल परत हळूहळू."

सत्तावीस ऑगस्टला, बुधवारी, ईशिता भेटायला आली. लेमन केक घेऊन आली होती. सुचेताने तिला आत घेतलं. लीलावतीबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लॅपटॉपवर मॅचचे तुकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"इशू, गाडी कुठे लावलीस? डबल यलो लाइनवर नाही ना?"

इशू हे नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आणि सासूबाईंना इंग्लंडात येऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते, पार्किंगची बंदी दाखवणाऱ्या त्या पिवळ्या रेघांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता.

ईशिताच्या हातातला केक तिरका झाला. ती अगदी हळू म्हणाली, "नाही, बाबा. कोपऱ्यावर लावली. तिथे चालते."

"मग ठीक," लीलावतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिचकावले, चष्मा सारखा केला आणि वर बघून हसल्या. "ये ना, बस. सुचेता, ही कोण गं? हॉस्पिटलमधली तुझी मैत्रीण ना?"

स्वयंपाकघरात ईशिता ओट्याला टेकून उभी राहिली. सुचेताने किटली लावली आणि मग सगळं सांगून टाकलं. पहिल्या फोनपासून शेवटच्या श्वासापर्यंत, आणि नाव घेताना आपल्या मनात काय होतं तेही. किटली बंद होऊन पाणी निवायला लागलं तरी ती सांगत होती.

ईशिता रागावेल असं तिला वाटलं होतं. पण ती रागावली नाही.

"घरात आलं की बाबा पहिलं हेच विचारायचा," ती म्हणाली. "Every single time. मला इतका राग यायचा." मग तिने बैठकीच्या दाराकडे पाहिलं. "त्या परत कधी जाणार?"

"चौदा नोव्हेंबरचं तिकीट आहे."

"मी पुढच्या बुधवारी येऊ का?"

नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय असं सुचेताला वाटलं नाही. "ये," ती म्हणाली.

ईशिता दर बुधवारी ऑफिसातून लवकर निघून यायची. कधी लीलावतीबाई तिला गाडीचं विचारायच्या, कधी नुसतं केक छान आहे म्हणायच्या. विचारलं नाही त्या दिवशी ईशिता थोडा जास्त वेळ बसायची. विनयला त्या दोघींची गट्टी जमली याचं कौतुक वाटायचं. सुचेता चहा करायची, बशा मांडायची, आणि चारच्या सुमाराला तिचं लक्ष आपोआप खिडकीजवळच्या खुर्चीकडे जायचं. लीलावतीबाईंनी पेन्सिल खाली ठेवलेली असायची आणि त्या दाराकडे बघत असायच्या. रस्त्यावर गाडी आलेली नसायची, बेलही वाजलेली नसायची.